तीस गुंजा उजेड

पुतण्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यातून काचेचा एक गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा. आत चांदीच्या बारीक तारांचा गुंता, न विंचरलेल्या केसांसारखा. “आत्या, जपून. एकदाच पेटतो तो,” पुतण्या म्हणाला.

लोणावळ्याच्या बाजारातला हा स्टुडिओ माझ्या थोरल्या भावाचा. दादा जाऊन तीन वर्षं झाली, आता त्याचा मुलगा चालवतो. मी पुण्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस इथे येऊन राहते. घरातले सगळे माझ्याशी चांगले वागतात, म्हणजे मला कुठल्याच कामाला हात लावू देत नाहीत. बसायचं, फराळ खायचा, आणि कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं.

खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला होता. पुतण्या त्यावर बोट ठेवून सांगू लागला, “हा आकडा बघा. कॅमेऱ्यापासून माणूस जितके फूट लांब, तेवढ्यानं याला भागायचं. उत्तर येईल त्या आकड्यावर भिंगाचं तोंड लावायचं. झालं. तुमचं सगळं गणित आता खोक्यावरच छापून येतं.”

मी चष्मा लावून तक्ता वाचला. बरोबर होता. एखादी चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हती.

मला दाखवायचं म्हणून त्यानं तो गोळा पेटवला. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि लगेच काही नव्हतं असं झालं. धूर नाही, खांद्यांवर राख नाही, शेजारच्यांची ओरड नाही. तापलेल्या काचेचा थोडा वास आला तेवढाच. मी उगाच नाक वर करून जुना वास शोधत राहिले.

“उद्या पाडव्याला कुरवंड्याला जायचंय,” तो म्हणाला. “नवं जोडपं आहे, घरात बसून फोटो हवाय त्यांना. छकडा सांगितलाय. येता का? तेवढाच वारा लागेल तुम्हाला.”

“कुणाचं घर?”

त्यानं सांगितलं. ते आबांचं घर, दादाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं. आबांना जाऊनही आता वीस वर्षं होत आली. मी येते म्हणाले. पुतण्याला नवल वाटलं असणार, कारण मी सहसा कुठे येते म्हणत नाही.

मी दादाकडे राहायला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मुलगी एकटी परत आली की का आली ते त्या काळी कुणी विचारत नसे. वहिनीनं ट्रंक आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवली आणि मला पाणी दिलं. ती ट्रंक तिथे आठ वर्षं राहिली, आणि मीही.

त्या आठ वर्षांतले उन्हाळे मला फारसे आठवत नाहीत. आठवतात ते पावसाळे. लोणावळ्याचा पाऊस येतो तो राहायलाच येतो. आषाढात एकदा धुकं घरात शिरलं की श्रावण संपेपर्यंत ते भाडेकरूसारखं कोपऱ्यांत बसून असायचं. काडेपेटीच्या काड्या ओढून ओढून बोटं दुखायची. धुतलेली लुगडी निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून वाळवायची, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला कोळशाचा आणि ओल्या सुताचा वास. शेजारच्या दुकानात शेंगदाण्याच्या गुडदाणीचा पाक उकळायचा, आणि त्या गुळाच्या वासानंच काय तो जीवाला धीर यायचा. मधूनच घाट चढून आलेलं इंजिन स्टेशनात धापा टाकत उभं राहायचं. मी खिडकीशी बसून त्या धापा मोजायची. मला मोजण्याची खोडच होती. दुसरं होतं काय मोजायला?

दादाच्या स्टुडिओला उत्तरेकडून काचेचं छप्पर होतं. आठ महिने तिथे देवाचा उजेड फुकट मिळायचा. पावसाळ्यात मात्र त्या काचांवरून नुसतं पाणी वाहायचं, आणि आत भर दुपारी माणसाचा चेहरा दिसायचा नाही. मग एका वर्षी दादानं मुंबईहून मॅग्नेशियमच्या पुडीचा डबा आणला. लाकडी मुठीवर पत्र्याची एक पन्हळ, तीत ती राखी पूड पसरायची. कॅमेऱ्याचं झाकण काढायचं, पूड पेटवायची, भक्कन उजेड होऊन जायचा, झाकण लावायचं. मागे राहायचा पांढरा धूर, आणि त्यातून हळूहळू खाली येणारी राख. त्या धुराला एक कोरडा, तिखट वास होता, आणि तो दोन-दोन दिवस पडद्यांत राहायचा. वहिनी नाक मुरडायची. मला तो फार आवडायचा. त्या ओल्या घरात तेवढीच एक कोरडी वस्तू होती.

पण पूड किती घालायची? डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, तेही विलायतेतल्या खोल्यांचं. दादाचा हात कलेचा. माणसाची मान किती वळवायची, पदर कुठे पडू द्यायचा, हे त्याला बरोबर कळायचं. गणिताशी मात्र त्याचा उभा दावा. तो अंदाजानं पूड घालायचा, आणि त्या अंदाजानं त्याची उजवी भुवई दोनदा जळाली.

एकदा तो पुटपुटत होता, “दुप्पट लांब उभं राहायचं, म्हणजे दुप्पट पूड.” मी आतून भाजी चिरता चिरता म्हणाले, “दुप्पट नाही दादा, चौपट.”

तो दारात आला. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. दिव्याचा उजेड भिंतीवर पडतो ना, तो मोजला मी. दिवा दुप्पट लांब नेला की तोच उजेड दुप्पट लांबीत आणि दुप्पट रुंदीत पसरतो. एवढ्याच गोळ्याची चौपट मोठी पोळी लाटायची, तर ती पातळ होणारच की.”

भाजी चिरणारी बहीण त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. दुसऱ्या दिवशी त्यानं सोनाराकडून एक जुना काटा आणून माझ्यापुढे ठेवला, बरोबर मूठभर गुंजा. त्या लाल बियांवर मी उजेड तोलायला लागले.

सुतळीला फुटाफुटावर गाठी मारून मी माप केलं. एक टोक पन्हळीच्या दांड्याला, दुसरं बसणाऱ्याच्या नाकाला. चुना काढलेल्या खोलीत दहा गाठींवर दहा गुंजा पूड. शेणामातीच्या भिंती असल्या तर दीडपट, कारण भिंत उजेड खाते. काळं नेसलेली बाई असेल तर वर दोन गुंजा. हे कुठल्याही डब्यावर नव्हतं. हे मी शोधलेलं होतं, एकेक काच वाया घालवून. प्रत्येक काचेवर दादा हळहळायचा, पण पुढे पुढे त्याचा एकही फोटो बिघडेना, तेव्हा हळहळायचा थांबला.

आणि त्या वाया घालवायच्या काचांसाठी कुणीतरी समोर बसायला हवं होतं. ती मी.

विधवेचा फोटो कुणी काढत नसे. घरातला सगळ्यांचा फोटो निघे तेव्हा मी आत असे, दार लोटून. पण चाचणी म्हणजे फोटो नव्हे, असं घरात आपोआप ठरलं होतं. मी स्टुलावर बसायची, मांडीवर पाटी. पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं: किती फूट, किती गुंजा, भिंत कसली. कुणा परक्यानं त्या काचा पाहिल्या असत्या तर त्याला वाटलं असतं, ही बाई तुरुंगातली आहे आणि हा तिचा नंबर आहे. दादा काच औषधात धुऊन खिडकीशी धरायचा, माझ्या चेहऱ्याकडे एकच डोळा बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, “दोन गुंजा कमी पडल्या.” एरवी तो माझ्याकडे कधी इतकं निरखून बघत नसे, आणि बघितलं तेव्हाही त्याला मी दिसत नव्हते.

चाचणीच्या काचा छापायच्या नसत. त्यामुळे मी स्वतःला पाहिलं ते फक्त उलटं, काळा चेहरा आणि पांढरे केस. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मला माझं म्हातारपण पाठ होतं. पाटीवरचे आकडे वहीत उतरवून झाले की काच कढत सोड्याच्या पाण्यात घालायची. दुधावरची साय निघावी तशी माझी तसबीर निघून यायची, बोटांना चिकटायची. ती मोरीत टाकून द्यायची आणि कोरी काच पुसून ठेवायची. मग ती काच दादा फ्रेमला वापरायचा. लोणावळ्यात कितीतरी घरांत लग्नाचे, मुंजीचे फोटो आहेत, त्यांच्यावरच्या काचेत एकेकाळी मी होते. मला ते कुणाला सांगावंसं वाटायचं, पण सांगणार कोणाला?

मला एक फोटो हवा होता. माझा. पाटी असली तरी चालेल, पण धुऊन न टाकलेला. बस, एवढंच हवं होतं, आणि ते मागायला माझी जीभ कधी उचलली नाही.

आबा दुकानात आले ते श्रावणात. डोक्यावर घोंगडीची खोळ, पायांना गुडघ्यांपर्यंत लाल चिखल. खोळीतून पाणी निथळत होतं, म्हणून ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“फोटू काढायचाय,” ते म्हणाले. “माजा अन् म्हातारीचा.”

“घेऊन या त्यांना,” दादा म्हणाला.

“तिला हालवत न्हाई. हितवर आनायला गेलो तर वाटंतच जाईल, मंग फोटू कुनाचा काढशीला? तुमीच या कुरवंड्याला. घरात लय अंधार हाय, पर तुमी म्हनं डब्यातनं उजेड काढता.”

दादा नाही म्हणणार होता. एवढ्या पावसात पुडीचा डबा घेऊन डोंगर चढायचा म्हणजे वेडेपणाच. पण आबा तसेच उभे राहिले, पाणी निथळत. शेवटी दादानं मान हलवली. अनोळखी घर, अनोळखी भिंती, म्हणून आधी चाचणी घ्यायची आणि चार दिवसांनी खरा फोटो, असं ठरलं. चाचणीला मी जाणार हे सांगायची गरज नव्हती.

वाट सगळी वर वर जाणारी. डबा तिहेरी मेणकापडात गुंडाळून मी पोटाशी धरला होता. कुरवंड्याच्या जवळ आलं की एकदम कोकणाकडून वारा येतो आणि माणसाला मागे लोटतो. नागफणीचा सुळका ढगात होता. मी तोवर त्या गावात कधी आलेच नव्हते. आठ वर्षांत मी पाहिलं होतं ते आमचं घर आणि बाजारातून दिसेल तेवढं आभाळ.

आबांचं घर आत शिरल्यावर थोडा वेळ दिसलंच नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. डाव्या हाताला म्हैस, तिचे डोळे. समोर चूल. भिंती लिंपलेल्या कारवीच्या काटक्यांच्या, वर्षानुवर्षांच्या धुरानं तव्यासारख्या काळ्या आणि चकचकीत. चुलीच्या उबेला म्हातारी पडलेली, एवढीशी. सखाराम, त्यांचा मुलगा, तिला पाठीमागून टेकू देत होता आणि ती दात आवळत होती.

“कुनाची गं तू?” तिनं मला विचारलं.

“फोटोवाल्यांची बहीण.”

“अन् मालक?”

मी नुसती मान हलवली. हात लांब करून तिनं आपल्या घोंगडीची कड मोकळी केली आणि त्यावर थापटलं. मी तिथे बसले. चुलीतल्या ओल्या लाकडाचा धूर, म्हशीचा वास, आणि माझ्या हातावर तिचा हात. आमच्या घरात मला कुणी हात लावत नसे. दुष्टपणा नव्हता त्यात, तशी सवयच पडून गेली होती.

म्हातारीला भिंतीशी आणून बसवायचं ते एकदाच, खऱ्या फोटोच्या दिवशी. म्हणून चाचणीला तिच्या जागी मी बसले, मांडीवर पाटी. दहा फूट. तीस गुंजा. भिंत काळी. एवढी पूड मी कधी तोलली नव्हती, पण ती भिंत बघून मला खात्री होती.

“ही पाटी कशापायी?” आबांनी विचारलं.

“आकडे लिहिलेत. हा फोटो नाही, आबा. नुसती चाचणी.”

“मंग एकटी कशाला बसतीस? मी बी बसतो की.” आणि दादा काही बोलायच्या आत ते माझ्या शेजारी येऊन बसले. दादा चुळबुळला, मग म्हणाला, “बसू दे. चाचणीच आहे.”

“म्हातारीच्या जागंला बसलीस न्हवं?” आबा म्हणाले. “मंग म्हातारीवानी बस. आमची म्हातारी अशी गप ऱ्हात न्हाई. तोंडाचा पट्टा चालू पायजे.”

“काय बोलू?”

“मला शिव्या दे. चाळीस वरसं ती त्येच करती.” आणि माझ्याकडे कलून, अगदी गंभीरपणे, “पर एक सांगून ठिवतो, म्हातारे. लय वाळलीस तू. लोकं म्हनतील, म्हातारा एकटाच भाकरी खातो.”

मी हसले. किती वर्षांनी, ते मोजलेलं नव्हतं. चुलीशी म्हातारीही हसली. त्याच क्षणी दादानं पूड पेटवली.

खोली आतून पांढरी झाली. कोंबड्या उधळल्या, म्हशीनं दावं तोडलं, सखाराम तिच्यामागे पावसात पळाला. धुरानं सगळं भरून गेलं, आणि त्या धुरातून म्हातारीचा बारीक आवाज आला, “मेला का गं म्हातारा?” आम्ही सगळे ठसकत, डोळे पुसत हसत होतो. आमच्या केसांवर राख पडत होती. दादासुद्धा हसत होता. आम्ही दोघं असं एकत्र हसलो ते तेवढंच.

घरी येऊन काच औषधात धुतली तेव्हा ती अशी निघाली होती की आजवर तशी एकही निघाली नव्हती. काळ्या भिंतीपुढे आबांची एकेक सुरकुती. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते, मान कलती करून, हसत. आणि मी तोंडभर हसत होते. चेहरा काळा, केस पांढरे, पण हसू उलटं दिसत नाही.

“तीस बरोबर,” दादा म्हणाला. “काच धुऊन टाक.”

मी बरं म्हणाले. आणि ती काच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत, तळाशी ठेवली. मी आयुष्यात केलेली एकमेव चोरी.

चार दिवसांनी दादा निघाला तेव्हा मीही पदर खोचून तयार होते. वहिनी हळूच म्हणाली, “आज खरा फोटो ना? नवरा-बायकोचा. शुभकार्यच ते. तुम्ही कशाला उगाच?” ती वाईट बोलली नाही. दादा पिशवीत काहीतरी शोधत राहिला. मी तीस गुंजांची पुडी बांधून त्याच्या हातात दिली, वर लिहिलं: दहा फूट. आणि आत गेले.

तो परतला तो खुशीत. “उजेड काय पडला म्हणून सांगू!” पण काच धुतली तर ती काळीकुट्ट, उजेड फार झाला की होते तशी. त्या काळ्यात दोन आणखी काळे डाग, बस.

मी त्याला एकेक विचारत गेले. सुतळी लावली होतीस? लावली, पण म्हातारीला भिंतीपर्यंत नेताच येईना, म्हणून जवळ गेलो. किती? सहा गाठी असतील. पुडी? सगळी, आणि अंधार म्हणून वर चिमूटभर. आणि भिंत?

“भिंत काय सुंदर दिसत होती!” दादा म्हणाला. “फोटो निघायचा म्हणून त्यांनी सगळं घर चुन्यानं पांढरंशुभ्र केलं होतं. बायका दोन दिवस राबत होत्या.”

मी मनात गणित सुरू केलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. मी दारात पाऊल टाकताच म्हणाले असते, दादा, चार गुंजा पुरेत. त्यांनी शुभ म्हणून भिंती पांढऱ्या केल्या आणि आम्ही शुभ म्हणून मला घरी ठेवलं. दादाला मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पाऊस उघडला की पुन्हा जाऊ, असं दादा म्हणत राहिला. भाद्रपदात म्हातारी गेली. कार्तिकात आबा गेले.

सखाराम आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. दुकानात तो बसेना, उभाच राहिला. “आबाचं काई न्हाई का तुमच्याकडं? कसलं बी. आईचं तर काईच न्हाई, पर आबाचं?”

“नाही रे,” दादा म्हणाला. “ती एक काच होती, चाचणीची. ती धुऊन टाकली.”

मी दाराआड उभी होते. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. ट्रंक उघडायला मला फार वेळ लागला, असं मला वाटतं. काच आणून मी टेबलावर ठेवली. दादानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं, काच का ठेवली तेसुद्धा. त्यानं मान खाली घातली.

सखारामनं काच उजेडाकडे धरली आणि तो रडायला लागला. “आबाच हाय. हसतोय बगा.”

“पण ही शेजारी...” दादा म्हणाला. “ही अशी कशी देणार? चार लोक बघणार. परक्या घरात भिंतीवर...”

“ताई असू द्यात की,” सखाराम म्हणाला. “आमाला काय अडचन न्हाई.”

मी दादाकडे पाहत राहिले. त्यानं एकदा हो म्हणायचं होतं. दादा म्हणाला, “परवा या.”

त्यानं आधी कागद लावून बघितलं, पण आबा माझ्याकडे इतके कलले होते की मला कापलं तर त्यांचा खांदा जात होता. लाल रंग लावून झाकलं तर छापताना माझ्या जागी पांढरं भूत उमटलं असतं. भिंत काळी होती. कोरी काच छापताना काळी उमटते, म्हणून भिंतीत मिसळायचं तर काचेवरची तसबीरच खरवडून काढायला हवी होती. तो बारीक चाकू हातात घेऊन बसला, काचेवर टेकवला आणि परत खाली ठेवला. “माझ्याच्यानं होत नाही,” तो म्हणाला.

मी चाकू घेतला. पाटीपासून सुरुवात केली. मग हात, पदर, गळा. आबांच्या खांद्याशी फार जपावं लागलं. हसू सगळ्यांत शेवटी. मला कुणी जबरदस्ती केली नाही, आणि मी नाही म्हणाले नाही. आज इतक्या वर्षांनी मला राग येतो तो दादाचा नाही, माझाच.

पुढच्या जूनमध्ये मी पुण्याला शिकायला गेले. तेव्हापासून मी कॅमेऱ्यासमोर बसलेले नाही. शाळेचा फोटो निघतो त्या दिवशी मला काहीतरी काम असतं.

आज पाडवा. कुरवंड्याच्या घरावर आता पत्रे आहेत. म्हशी बाहेर गोठ्यात गेल्या आहेत. सखारामही आता नाही; त्याची थोरली सून घर सांभाळते, आणि धाकट्या मुलाचं नवं लग्न झालेलं. पुतण्यानं जोडप्याला बसवलं, खोक्यावरचा आकडा वाचला, भागाकार केला, आणि काम दोन मिनिटांत झालं. कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत.

मी आत भिंतीशी गेले. फोटो होता. आबा, मान कलती करून हसणारे, आणि शेजारी अर्धा फोटो काळा.

थोरली सून हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. “ह्ये आमचं आजंसासरं,” ती म्हणाली. “अन् ही आज्जी.”

“कुठे?”

“ही काय, शेजारी. अंधारात बसलीया. त्या वक्ताला उजेड पुरला न्हाई म्हनत्यात.”

माझ्यातली मास्तरीण एकदम उसळली. उजेड पुरला होता! तीस गुंजा, दहा फूट, काळी भिंत, अगदी बरोबर होतं. पण मी ते गिळलं, कारण तेवढ्यात मला ते दिसलं. काळ्या भागावर, काचेवर, कुंकवाचा एक टिळा होता. आजकालचा नव्हे. एकावर एक, वर्षानुवर्षं लावलेला, सुकून जाड झालेला. आबांच्या खांद्यापासून वर चार बोटं. अंतर मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. माझं कपाळ होतं ते, तिथेच.

“आज्जी आज्याच्या आदी, अहेव गेली नव्हं,” सून सांगत होती, “म्हनून सनासुदीला पयलं कुक्कू तिला. मंग आमी लावतो.” तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि त्या टिळ्यावर नवा टिळा लावला.

त्या बोटाचा गारवा मला जाणवला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण माझा हात वर गेला होता आणि तो खाली घ्यायला मला थोडा वेळ लागला. हे कुंकू माझं नव्हतं. ज्या म्हातारीचं होतं तिनं मला आपल्या घोंगडीवर बसवलं होतं. मला आनंद झाला, फार झाला, आणि त्याची लाज वाटायला हवी होती ती वाटली नाही.

“तुमी बगितली व्हती का आज्जीला?” सुनेनं विचारलं. “आमच्यात आता कुनीच न्हाई ऱ्हायलं बगितल्यालं, आमचं मालक बी तवा तान्हं व्हतं. कशी दिसायची वो?”

बाहेर पुतण्या छकडेवाल्याला हाक मारत होता. मी फोटोतल्या काळ्या अर्ध्याकडे बघत होते.

“हसत होती,” मी म्हणाले. “आबा तिला काहीतरी बोलले, आणि ती तोंडभर हसत होती.”